दोन उन्हाळे

भाताचा दुसरा घास तोंडाशी नेला आणि मोरीतून तो आवाज आला. आधी खोलातून, विहिरीचा तळ खरवडावा तसा. मग क्षणभर काहीच नाही. मग राखेवर काहीतरी पडल्याचा, अगदी बारीक. गुरुराजचा हात तिथंच थांबला. त्याची बायको शकुंतला आमटीची पळी घेऊन समोर उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चार महिन्यांत तिनं न पाहण्याची सवय करून घेतली होती. उचललेला घास परत ताटात टाकणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं तो तोंडात घातला. भात जिभेवर आला, कोमट, मऊ, किंचित बुळबुळीत, आणि त्याला वाटलं की हा भात नाहीच, हे अक्काच्या छातीतून निघालेलं काहीतरी आहे आणि आपण ते चावतो आहोत. पेलाभर पाण्याबरोबर त्यानं तो घास खाली ढकलला आणि डोळ्यांत आलेलं पाणी पंच्यानं पुसलं. "आणखी वाढू?" शकुंतलेनं विचारलं. "नको. भरलं पोट." रविवारच्या दिवशी दोन घासांत पोट भरणारा माणूस हुबळीच्या साऱ्या केशवापुरात दुसरा नसेल. शकुंतलेनं ताट उचललं.

अक्का म्हणजे अंबूताई, त्याची थोरली बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. कारवारच्या मुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं. राज्य बदललं तसे तिथले मराठी वर्ग रोडावत गेले, तरी शेवटच्या वर्गाला कुलूप लागेपर्यंत ती तिथंच राहिली. यंदा दिवाळीनंतर एक ट्रंक, एक वळकटी आणि चिनी मातीचं एक वाडगं घेऊन ती हुबळीला भावाकडे आली. खोकून थुंकायच्या त्या वाडग्यात राख असते. रोज सकाळी ती स्वतः बंबातली राख घेते, स्वतः वाडगं परसात रिकामं करते, कढत पाण्यानं धुते. कुणाला हात लावू देत नाही. क्षय नाही, असं डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं होतं. "ओल भरलीय छातीत. राहतं घर बदला," एवढंच ते म्हणाले. म्हणजे भीतीचं कारण नव्हतं, आणि हेच वाईट होतं. भीती असती तर तिच्या आड लपता आलं असतं. आता उरली होती ती नुसती किळस, आणि ती रोज थोडी थोडी पसरत होती. आधी फक्त वाडगं. मग वाडगं धरणारा हात. मग त्या हातानं निवडलेली मेथी. परवा अक्कानं त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि दोरा दातांनी तोडला. तो सदरा घालून तो कचेरीत गेला खरा, पण दिवसभर छातीपाशी काहीतरी ओलं चिकटल्यासारखं वाटत राहिलं. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं सदरा काढून धुण्यात फेकला आणि मग अक्काच्या समोर बसून चहा प्यायला. आपण हलकट आहोत हे त्याला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता, कारण किळस डोक्यात नसते, ती घशात असते. आणि ज्या घरानं अक्काच्या छातीत ओल भरली ते कारवारचं, कोडीबागेतलं घर बांधायला कंत्राटदार निवडला होता तो गुरुराजनंच.

किळस ही त्याची जुनी मिरासच म्हणायची. लहानपणी धारवाडला केलगेरीच्या तळ्यावर पोरं उड्या मारायची आणि हा काठावर उभा राहून पाण्यातलं शेवाळ बघायचा, कोरडाच घरी यायचा. रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क झाला तोवर त्याचा पेला वेगळा झाला होता, खुर्चीवर स्वतःचा रुमाल आला होता, कागद उलटायला ओल्या स्पंजाची डबी आली होती. बोटाला थुंकी लावून फाइल चाळणाऱ्या कारकुनाकडे तो असा बघायचा की त्या बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. लोक पाठीमागे हसायचे, पण मानायचे. हळूहळू त्याचं त्यालाच वाटायला लागलं की ही खोड नव्हे, ही पारख आहे. नखं पाहिली की माणूस कळतो, जेवताना पाहिलं की त्याचं काम कळतं. नवा माणूस घ्यायचा असला की साहेबसुद्धा विचारायचे, "काय गुरुराज, कसा वाटतो?" म्हणून एकोणसाठ साली अक्कानं कारवारहून लिहिलं, 'कोडीबागेत दोन घरांपुरती जागा घेतली आहे. एक माझं आणि एक तुझं, पेन्शनीत येशील तेव्हा. मधली भिंत एकच ठेवू. इथं लक्ष्मण मेस्त्री म्हणून आहे, आमच्या शाळेची भिंत त्याची. त्याला तुझ्याकडे पाठवते. पण ठरव तू. तुला माणसं कळतात,' तेव्हा त्या शेवटच्या वाक्याचं त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

लक्ष्मण मेस्त्री घाट चढून दुपारच्या गाडीनं आला आणि बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. वाळका, काळा, अंगात खाकी सदरा. गुरुराजला आधी दिसली ती त्याच्या पायाची बोटं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी चुन्यानं खाऊन पांढरी, सुरकुतलेली झाली होती. मेस्त्रीनं नकाशा मागितला नाही की कागद काढला नाही. त्यानं फडक्यातून दोन पुड्या काढून समोर उघडल्या. "ही काळी नदीची वरची रेती, कद्र्याकडची. आणि ही खाडीच्या तोंडची. जवळ पडते म्हणून सगळे हीच घालतात." एवढं बोलून त्यानं दुसऱ्या पुडीतली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून, जिभेवर घोळवून, दाढेखाली रगडून. करकर असा आवाज गुरुराजच्या स्वतःच्या दातांत उठला. मग मेस्त्री मान वळवून पायरीपाशी पचकन थुंकला. मग पहिल्या पुडीतली चिमूट, पुन्हा तेच. त्याच्या खालच्या ओठाला रेतीचे कण आणि लाळेची एक तार चिकटून राहिली. आणि त्याच ओल्या बोटांनी तिसरी चिमूट उचलून त्यानं ती गुरुराजपुढे धरली. "चाखून बघा, साहेब. खारी रेती एकदा भिंतीत गेली की जन्मभर बाहेर येत राहते." गुरुराज खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला. त्या बोटांची तेव्हा आलेली किळस पाच वर्षांनी आजही तशीच होती, तिच्यातला एक कणही कमी झालेला नव्हता.

पुढचं बोलणं त्यानं ऐकलं ते तोंड अर्धवट फिरवून. मेस्त्री सांगत होता की जांभा चिरा बाहेरून उघडाच ठेवायचा, वर सिमेंट थापायचं नाही. आतून चुना द्यायचा. चुना आत्तापासून खड्ड्यात भिजत घालतो, पावसाळा गेला की लोण्यासारखा होतो. "आणि ओल?" गुरुराजनं विचारलं. "ओल येणार. समुद्राकाठी ओल यायचीच. आलेली परत जायला वाट ठेवायची. भिंतीला घाम यावा लागतो, साहेब." घाम येणारी भिंत. रात्री झोपेत कूस वळली तर कुणाच्या तरी उघड्या, घामट पाठीला आपली पाठ लागावी, तसं त्याला झालं. आणि तो उघडा चिरा तरी कसा, देवी येऊन गेलेल्या तोंडासारखा, भोकाभोकांचा. शिवाय गुरुराज होता हुबळी-धारवाडकडचा माणूस. त्याच्या लेखी ओल म्हणजे बाहेरून मारा करणारी, पश्चिमेच्या भिंतीवर आडवा येणारा पाऊस. दारं लावली, भिंतीला जाड सिमेंट थापलं, की ती बाहेर राहते. तिकडची भिंत खालून जमिनीतून आणि वरून हवेतून दोन्हीकडून पाणी पिते, हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. "कळवतो," तो म्हणाला. मेस्त्री गेल्यावर त्यानं पायरीवर दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला कार्ड टाकलं, काम द्यायचं नाही म्हणून. अक्काला काय लिहायचं? रेती चाखून थुंकला म्हणून नको, असं? अक्का हसली असती, आणि मेस्त्रीलाच काम दे म्हणाली असती. त्यानं लिहिलं, 'लक्ष्मण मेस्त्री येऊन गेला, पण त्याला यंदा सवड नाही म्हणतो.'

मग सदाशिवराव कंत्राटदार आले. पांढरंशुभ्र धोतर, परीटघडीचा कोट, खिशाला पेन. चहा पिण्याआधी त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, आणि खरं सांगायचं तर गुरुराजचा निर्णय त्या तांब्याभर पाण्यातच झाला. नखं कापलेली, पांढरी. नकाशा गुंडाळी करून आणलेला, त्यावर एक डाग नाही. आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा, हात फिरवला तर खडबड लागणार नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, असं ते म्हणाले. रेती कुठली, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही. रेतीचा विषयच आता नको होता. वर्षभरात घरं उभी राहिली, काचेसारखी गुळगुळीत. वास्तुशांतीला गुरुराजनं मधल्या भिंतीवर तळहात फिरवून पाहिला होता आणि त्याला इतकं समाधान वाटलं होतं, जणू ती भिंत त्यानंच धुवून पुसून ठेवली होती. पहिल्या पावसाळ्यात अक्कानं गमतीनं लिहिलं, 'गुरू, आपल्या भिंतींना मिठाचा कापूस फुटलाय. रोज झाडते, रोज नवा.' दुसऱ्या पावसाळ्यात लिहिलं की ट्रंक भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवते, लुगड्यांना वास येतो. तिसऱ्या पावसाळ्यापासून पत्रांत भिंतींचा विषय निघेनासा झाला, आणि अक्षर मधेच तुटायला लागलं, जणू लिहिता लिहिता ती खोकायला थांबत होती. गेल्या वर्षी तो जाऊन आला. दार उघडताच त्या वासानं त्याला मागे ढकललं, ओल्या गोणपाटाचा, उंदराचा, जुन्या औषधाचा असा तो एकत्र वास. भिंतीला लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे सुटले होते, त्यांच्या मागे काळी बुरशी होती. अक्का तिथं बसून त्याच्यासाठी घावन काढत होती. ती दर घावनाला तोंड फिरवून खोकत होती, आणि त्यानं पोट बिघडल्याचं सांगून दोनच खाल्ले.

अकरा वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला होता. आई आधीच गेलेली, वडिलांची फिरतीची नोकरी, आणि एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली अक्का. एकवीस दिवस. त्यातलं फार थोडं त्याला आठवतं, पण जे आठवतं ते नको इतकं स्वच्छ आठवतं. अंथरुणात झालेलं तिनं काढायचं, त्याच्या अंगाखालून चादर ओढून घ्यायची, त्याला कुशीवर वळवून पुसायचं. आणि हे सगळं करताना कानडीतली कसलीशी गोष्ट सांगत राहायची, तिच्या आवाजात जराही फरक नसे. एकदा त्याला तिच्या पदरातच उलटी झाली. तिनं पदर गोळा केला, दुसऱ्या हातानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं? आता बरं वाटेल." तिनं नाक मुरडलं नव्हतं. तो तेव्हा तापातही तिच्या नाकाकडेच बघत होता. आज इतक्या वर्षांनी त्याला वाटलं की तिनं एकदा तरी नाक मुरडलं असतं तर किती बरं झालं असतं. निदान फिटंफाट झाली असती. माणसानं दुसऱ्यावर इतके उपकार करू नयेत. असला विचार मनात आला आणि तो उठून तोंड धुवायला गेला, पण मोरीत वाडगं होतं, म्हणून तसाच परत आला.

लक्ष्मण मेस्त्रीला पुन्हा कार्ड घालायचं त्यानंच ठरवलं होतं. घर दुरुस्त झालं पाहिजे, अक्काला आपल्या घरी आपल्या माणसांत राहता आलं पाहिजे, असं त्यानं शकुंतलेला समजावून सांगितलं. शकुंतला "हो की" म्हणाली. एवढं बोलून ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि तो पावसाळ्याआधी काम उरकायला हवं वगैरे बोलत सुटला. मेस्त्रीचं उत्तर आलं, रविवारी दुपारी येतो. आज तोच रविवार होता.

मेस्त्री आला. केस पांढरे झालेले, बाकी तोच. "बर्री मेस्त्री, कूडर्री," या, बसा, असं गुरुराज कानडीत म्हणाला, आवाजात जितकी आपुलकी आणता येईल तितकी आणून. अक्का आतून आली, व्हरांड्याच्या दाराशी पाटावर बसली. तिच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा हसू दिसलं. "तुमची शेवंता कशी आहे? मला तिची पाटीवरची अक्षरं आठवतात, सगळी डावीकडे कललेली." "दोन पोरं झाली बाई तिला. तुमचं नाव काढते," मेस्त्री म्हणाला. मग त्यानं पिशवीतून गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा काढून जमिनीवर ठेवला. "कार्ड आलं तसा घर बघून आलो. हे मधल्या भिंतीचं. बोट लावलं तशी निघून हातात आलं." वरून पांढरा, गुळगुळीत, मागून काळा, ओला, केसाळ. गुरुराजनं पाय आखडून घेतले. अक्कानं तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला, मुलाची पाटी तपासावी तसा.

"तेव्हाच तुम्हाला सवड असती तर हे झालं नसतं, मेस्त्री," ती म्हणाली.

"सवड?" मेस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, मग गुरुराजकडे. "मी तर चुना भिजत घातला होता बाई, तुमच्या घरासाठी. साहेबांचं कार्ड आलं, काम द्यायचं नाही म्हणून. मग तो चुना देवळाच्या कामाला दिला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. झालं ते तो सांगत होता.

"असं होय," अक्का म्हणाली. तिनं तुकडा हलकेच खाली ठेवला. गुरुराज काहीतरी बोलायच्या तयारीत होता, सिमेंटबद्दल, सदाशिवरावांबद्दल, त्या काळात सगळेच सिमेंट वापरत होते त्याबद्दल. पण तिनं विचारलंच नाही. का, एवढा एक शब्द तिनं विचारला असता तर तो रागावू शकला असता. तिला खोकला आला. तिनं पदर तोंडाशी धरला, पाठ वाकली, आणि मेस्त्री खाली बघत थांबला. गुरुराज मात्र पदराकडे बघत होता, त्यावर काही उमटतं का ते.

"आता काय करायचं ते सांगा," खोकला थांबल्यावर ती म्हणाली.

"दोन उन्हाळे लागतील, बाई. आत्ता सगळा गिलावा खरवडून काढतो. हा उन्हाळाभर चिरा उघडा. पावसात झावळ्यांचे पडदे बांधून ठेवतो. मग आणखी एक उन्हाळा सुकू द्यायचं. मग चुना. मधे घाई केली तर पुन्हा हेच."

"आणि राहायचं?" गुरुराजनं विचारलं. फार पटकन विचारलं, त्याचं त्यालाच कळलं.

"छाती धड असली तर राहील कुणी. बाईंनी नाही राहायचं." मेस्त्री अक्काकडे वळला. "इथं बरी हवा आहे, कोरडी. भाऊ आहे. दोन वर्षं इथंच राहा बाई. घर तयार झालं की मी स्वतः न्यायला येतो."

दोन वर्षं. सातशे तीस सकाळी. गुरुराजच्या डोक्यानं हिशेब आपोआप केला, कचेरीतल्या सवयीनं. सातशे तीस वेळा राखेचा तो बारीक आवाज, पुढच्या दाराशी, मागच्या दाराशी, भातात, सदऱ्यात, झोपेत. आता बोलण्याची पाळी त्याची होती. फार काही बोलायचं नव्हतं. 'राहा की अक्का', बस. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. मनात नसलं तरी म्हणायचं असतं, म्हटल्यानंतर हळूहळू मनातही येतं. घरं अशीच चालतात. शकुंतला दाराच्या आड येऊन उभी राहिली होती आणि या वेळी ती सरळ त्याच्याकडे बघत होती. त्यानं तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आले आणि तिथं, जिथं सकाळचा घास अडकला होता, तिथंच अडकले. त्याला मेस्त्रीची किळस आली, त्या काळ्या तुकड्याची आली, अक्काच्या पदराची आली. शेवटी आपल्या स्वतःच्या उघड्या तोंडाची आली, आणि त्यानं ते मिटलं.

अक्का वाट बघत होती. उत्तर येत असून न सांगणाऱ्या मुलीसाठी ती वर्गात थांबत असेल, तशी, हात मांडीवर ठेवून, घाई न करता. मग तिनंच त्याला सोडवलं.

"इथं मला करमत नाही हो, मेस्त्री," ती म्हणाली. "शाळेमागं भागीरथीबाईंची ती खोली आहे ना, मी आधी राहायची ती. तिथं राहीन. काम डोळ्यांसमोर होईल."

"ती खोलीपण ओलीच आहे, बाई."

"असू दे. सवयीची आहे." तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. शकुंतला पुढे झाली, पण अक्कानं मानेनंच नको म्हटलं. "ट्रंक भरायला काही वेळ लागायचा नाही. तुम्ही उद्याच परत जाताय ना? मग बरोबरच येते. कारवारची पहिली गाडी किती वाजता सुटते हो?"

मेस्त्री आठवायला लागला, बोटांवर काहीतरी मोजायला लागला.

"सव्वासहाला," गुरुराज म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा, स्वच्छ निघाला. "सकाळी सव्वासहाला. खिडकीची जागा हवी तर पावणेसहाला जायला हवं." गेल्या मंगळवारी कचेरीतून येताना वाट वाकडी करून तो मोटार स्टँडवर जाऊन हे सगळं विचारून आला होता.